गोळी अन् हजेरी

आमच्या भागात माणसाचं डोकं फिरलं की दोनच गोष्टी सांगतात. एक, कोणीतरी करणी केली. दोन, नागपूरच्या पागलखान्यात नेऊन टाका. तिथून परत आल्यावर तो कुठं उभा राहील, हे कोणी सांगत नाही.

करणीचा संशय तरी कोणावर जातो? जो आधीच गावाबाहेर आहे त्याच्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून दलित बाया-माणसांना, म्हाताऱ्यांनाही, भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा तर २०१३ पासून आहे. अंगावरचे वळ मलमानं जातात. पण उद्या त्याच चौकातून जायचं असेल, तर मनातल्या वळांवर कोणतं मलम?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. बरोबर आहे. पण कोणत्या समाजात? जो त्याचा चहाचा कप वेगळा ठेवतो? मित्रांनो, वेगळा कप आपल्याला नवा नाही. आपल्या आज्यानं जन्मभर तोच पाहिला.

माझ्या पाळीत एक कंत्राटी सोबती आहे. त्याच्या कानात आवाज यायचे, रात-रात झोप नाही. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी आवाज थांबले. पण गोळी घेतली की डोळे मिटायचे, अन् ठेकेदाराला रातपाळी पाहिजे. गोळी धरली तर हजेरी बुडते, हजेरी धरली तर गोळी सुटते. घरी चार तोंडं. त्यानं हजेरी धरली. आवाज परत आले. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं : रुग्णाने औषध बंद केले. ठेकेदाराचं नाव त्या कागदावर नव्हतं.

मग वस्तीतली पोरं ठेकेदाराच्या दारात गेली. आठ दिवस रोज गेली. दिवसपाळी मिळाली. गोळी आजही चालू आहे, ती पाहिजेच. पण त्याची माय म्हणते, "गोळीनं झोप आली बापा, पण कामावर गेला तवा माहा पोरगा मले भेटला."

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हा आपल्या माणसांना ताठ उभं राहायला जागा मिळाली. ती जागा आज अशा माणसाला देणं आपल्या हातात आहे.

तुमच्या वस्तीत असा कोणी असेल तर विचारा, गोळी घेतली का? अन् लगेच दुसरं विचारा, या महिन्यात हजेरी किती भरली?