जात्यावरचा एस्प्रेसो

घरी एस्प्रेसो मशीन घेतलीय? बोनस हातात पडल्या पडल्या? मस्त! मग एव्हाना एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल. कॅफेतला तो दाट, मधासारखा ओघळणारा शॉट घरी काही केल्या येत नाही. कधी नुसतं आंबट पाणी, कधी कडू काढा. आपण मशीनला नावं ठेवतो, बिसलरी वापरून बघतो, महागाचे बीन्स मागवतो. पण कॉफीतल्या कुठल्याही दर्दी माणसाला गाठा, तो पहिला प्रश्न एकच विचारेल, ‘ग्राइंडर कोणता आहे?’

मशीन पाणी तापवते आणि दाब देते, बास्स. साधारण नऊ बार दाबानं येणारं ते पाणी अडवायचं काम मात्र कॉफीच्या पुडीचं. पूड जाड असली तर पाणी दहा-बारा सेकंदांत धावत सुटतं, फारच बारीक असली तर थेंब थेंब गळतं. आणि पूड एकसारखी नसली तर संपलंच. पाणी सोपी वाट शोधतं आणि बाकीची कॉफी तशीच राहते.

मलाही ग्राइंडर घ्यायचा होता. हातानं फिरवायचा की विजेवरचा? या एका प्रश्नावर घरात महिनाभर चर्चासत्र चालू होतं. तेवढ्यात जानेवारीत आत्याचा फोन आला, ‘हुरडा आलाय, ये.’ मी मैत्रिणीचा हातग्राइंडर उसना घेतला, हातानं दाब द्यायचं मुठीएवढं एस्प्रेसोचं यंत्र, छोटा डिजिटल वजनकाटा आणि चिकमंगळूरच्या बीन्सचं पाकीट सॅकमध्ये कोंबलं, आणि निघाले धाराशिवला!

धाराशिव?? कॉफीसाठी??

हसा, हसा! हा जिल्हा म्हणजे तुळजाभवानी, नळदुर्गचा किल्ला, उस्मानाबादी शेळी आणि रब्बीची ज्वारी. २०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद, आता धाराशिव. कर्नाटकाची हद्द उमरग्यापासून हाकेच्या अंतरावर. पण कॉफीचे मळे कर्नाटकाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि इथलं पेय म्हणाल तर चहा. तोही गोडमिट्टक.

पण कॉफी पिकवणं वेगळं आणि दळणं वेगळं. भाकरी ज्यांच्या रोजच्या पानात, त्यांना पिठाची नस कळतेच. पीठ जरा जाड आलं की भाकरी थापताना चिरते, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. एकसारखं दळण कसं निघतं, हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा कुठली?

गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी

पहिला धडा आत्याच्या गावातल्या पिठाच्या गिरणीत. बाहेर डब्यांची रांग, आत पट्ट्याची फटफट आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. गिरणीवाले काका चाक किंचित फिरवतात, खाली पडणारं पीठ अंगठा आणि बोटांच्या चिमटीत घेतात, पुन्हा केसभर फिरवतात. झालं सेटिंग! ‘आकडे कशाला पाहिजेत? बोटाला कळतंय की,’ इति काका.

कॉफीच्या भाषेत याला ‘डायल इन’ म्हणतात. पाकीट बदललं, भाजणी बदलली, अगदी हवा बदलली तरी पूड थोडी जाड-बारीक करावी लागते. म्हणून एस्प्रेसोसाठी ग्राइंडर घेताना सगळ्यात आधी हे बघायचं की त्याची पायरी किती बारीक आहे. फिल्टर कॉफीला दोन पायऱ्यांमधला फरक खपून जातो. एस्प्रेसोला एका पायरीत पंधरा सेकंदांचा फरक पडला तर तो ग्राइंडर आपल्या कामाचा नाही. बिनपायऱ्यांचा, म्हणजे स्टेपलेस, मिळाला तर उत्तमच.

दुसरी गंमत रांगेत ऐकली. एक काकू विचारत होत्या, ‘आता काय चालू आहे? ज्वारी? मग माझी ज्वारी घ्या, गहू नंतर.’ पुण्या-मुंबईतही आपल्या आया हेच विचारतात ना? आधीच्या दळणाचं थोडं पीठ गिरणीत उरतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. कॉफी ग्राइंडरमध्येही नेमकं हेच होतं, त्याला ‘रिटेन्शन’ असं भारदस्त नाव आहे. कालची शिळी पूड आजच्या कपात! दुकानातल्या मोठ्या ग्राइंडरला फरक पडत नाही, तिथं दिवसभर दळण चालू असतं. आपण सकाळी दोन कप करणार. म्हणून घरासाठी मोजून तेवढेच बीन्स घालायचे आणि घातले तेवढी पूड बाहेर येते का, ते काट्यावर बघायचं.

तेर, पॉम्पेई आणि दोन तळ्या

दुपारी आत्याला घेऊन तेरला गेले. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजे संत गोरोबाकाकांचं तेर. पण त्याआधी हजारेक वर्षं ते ‘तगर’ होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीला त्याचं नाव येतं. इथलं कापड भडोचच्या बंदरातून थेट रोमन जगात जायचं. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ साली मांडलं. योगायोग बघा, त्याच १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांनी एस्प्रेसो मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला होता!

गावातलं विटांचं त्रिविक्रम मंदिर आवर्जून बघा. मुळातला बौद्ध चैत्य, त्याचा पाठीमागचा अर्धगोल अजून तसाच आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालयही इथंच आहे. लामतुरे संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती फार प्रसिद्ध, कारण तशीच एक भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं.

आता कॉफीकडे येते! त्याच पॉम्पेईत बेकऱ्याही सापडल्या, जात्यांसकट. तिथलं जातं आपल्यासारखं चपटं नाही. खाली दगडाचा शंकू, त्यावर टोपीसारखा बसणारा पोकळ दगड, आणि तो फिरवायला गाढव. आपलं जातं म्हणजे एकावर एक दोन चपट्या तळ्या. धान्य मधल्या तोंडातून आत जातं, दळत दळत कडेला सरकतं आणि बाहेर पडतं.

कॉफी ग्राइंडरच्या दुकानात जा, सेल्समन तुम्हाला विचारेल, ‘कॉनिकल बर्र हवा की फ्लॅट बर्र?’ घाबरू नका. कॉनिकल म्हणजे पॉम्पेईचं, फ्लॅट म्हणजे आपल्या आजीचं! दगडाऐवजी पोलाद आणि गाढवाऐवजी मोटर किंवा तुमचा हात, एवढाच फरक. घरगुती हातग्राइंडर बहुतेक कॉनिकल असतात, चवीला भरदार शॉट देतात. चांगल्या फ्लॅट बर्रमध्ये चवी जास्त सुट्या सुट्या कळतात, असं शौकीन सांगतात. दोन्हींत उत्तम एस्प्रेसो होतो. होत नाही तो पात्याच्या, म्हणजे मिक्सरसारख्या ग्राइंडरमध्ये. तो दळत नाही, फोडतो. थोडी धूळ, थोडे खडे. धुळीतून कडूपणा उतरतो, खड्यांतून आंबटपणा, दोन्ही एकाच कपात.

आत्याची चिमूट

आत्याच्या पडवीत अजून जातं आहे. आता ते हळद फोडण्यापुरतं आणि लग्नातल्या हळदीपुरतं उरलंय. मी ग्राइंडर काढून फिरवायला लागले तशी आत्या जवळ आली.

‘काय करायलीस गं?’

‘कॉफी दळतेय.’

तिनं ग्राइंडर उघडून आत बघितलं. ‘हे तर जातंच की! खुंटा वर लावलाय एवढंच.’ मग तिनं समजावलं. जात्याच्या वरच्या तळीत लाकडी माकडी असते, ती मधल्या खिळीवर टेकते. भरड हवी असली की खिळीवर चिंधी गुंडाळायची. वरची तळी जराशी उचलते, फट वाढते. बारीक हवं असलं की चिंधी काढायची. माझ्या ग्राइंडरची क्लिक-क्लिक करणारी चकती नेमकं हेच करते.

आम्ही १८ ग्रॅम बीन्स घातले. चुलत वहिनीनं मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. पहिला शॉट चौदा सेकंदांत आला, पाणचट. आत्यानं उरलेली पूड चिमटीत घेतली, ‘रव्यावानी आहे, आणखी आवळ.’ दोन क्लिक आवळले. आता बावीस सेकंद. पुन्हा एक क्लिक. अठ्ठावीस सेकंदांत ३६ ग्रॅम, वर सोनेरी साय! १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. सुरुवात करायला हे गणित छान आहे. पुढं तुमची जीभ सांगेल तसं. आंबट लागली तर बारीक दळा, कडू लागली तर जाड. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला.

पूड ग्राइंडरच्या भिंतींना चिकटते, ही सगळ्यांची तक्रार असते. घर्षणानं विजेचा भार तयार होतो म्हणून. उपाय फुकट आहे. दळण्याआधी बीन्सवर पाण्याचा एखाद-दुसरा थेंब शिंपडायचा. ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासून प्रसिद्धही केलं. आत्या सोजीचे गहू दळायच्या आधी पाण्याचा हात लावते, ते कारण वेगळं. पण मी तांब्यात बोट बुडवलं तेव्हा तिला काहीच सांगावं लागलं नाही.

आणि चव? आत्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. ‘जहर आहे जहर!’ मग त्यात गरम दूध आणि भूमकडच्या खव्याचा तुकडा घातला, आणि कप संपवला.

हाताचं की विजेचं?

रात्री मी मूळ प्रश्न तिच्यापुढं ठेवला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, हातचं ते हातचं. जात्याचं आपल्याला केवढं कौतुक! हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. बायकांनी आपलं अख्खं आयुष्य त्यात गाऊन ठेवलंय.

आत्या म्हणाली, ‘ओव्या म्हणायचो, कारण झोप यायची.’

१९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची, नुकतं लग्न झालेली. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायची आणि रेशनवर मिळालेला लाल मिलो पहाटे चारला उठून दळायचा. घरात खाणारी अकरा तोंडं, दळणाऱ्या दोघी. तिचा उजवा खांदा आजही वर जात नाही. ‘गावात गिरणी आली तेव्हा मी पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपले,’ ती म्हणाली. मग तिनं मला दोनच प्रश्न विचारले. ‘रोज कितीजणांचं दळायचं? आणि दळणार कोण?’

महिनाभराच्या आमच्या चर्चासत्रात बर्र, मायक्रॉन, ब्रँड सगळं आलं होतं. हा दुसरा प्रश्न कुणीच काढला नव्हता. एका शॉटला हातानं साधारण एक मिनिट लागतं. हलक्या भाजणीचे बीन्स टणक, त्यांना आणखी वेळ. आमच्याकडे सकाळी तीन शॉट, दोन नवऱ्याचे, एक माझा. आलं-गेलं वेगळं. साडेसातची कॅब. आणि सकाळी ओट्याशी आधी कोण उभं असतं, ते सांगायला नकोच!

एकटे राहत असाल, दिवसाला एकच शॉट पीत असाल तर हातग्राइंडर घ्या. त्याच पैशांत विजेच्या ग्राइंडरपेक्षा चांगला बर्र मिळतो, आवाज नाही, ट्रिपला नेता येतो. पण घरात दोन-तीन पिणारे असतील तर आधी ठरवा, दळणार कोण.

मी विजेवरचा बुक केला. बटण कुणालाही दाबता येतं, हे नवऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवलंय.

दुकानात जाण्यापूर्वी...

• बजेट आखताना ग्राइंडरला मशीनच्या बरोबरीनं मान द्या.
• डब्यावर ‘एस्प्रेसो’ लिहिलंय, एवढ्यावर जाऊ नका. पायरी किती बारीक, ते विचारा.
• बर्र पोलादी असेल तर पाण्यानं धुऊ नका. आठवड्याला ब्रशनं झाडा. जुन्या तेलाचा खवट वास कपात येतो.
• तांदूळ घालून साफ करण्याचा घरगुती उपाय टाळा. बऱ्याच कंपन्या त्याला मनाई करतात.
• दळून ठेवू नका. पूड शिळी व्हायला फार वेळ लागत नाही.

कसं जाल?

मुंबई-लातूर एक्स्प्रेसनं रात्री निघालात की सकाळी धाराशिव. तिथून तेरला तासाभराच्या आत पोचता. सोलापूरमार्गे गेलात तर वाटेत तुळजापूर. हुरड्यासाठी डिसेंबर-जानेवारी. नळदुर्गच्या पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे बघायचे असतील तर पावसाळ्यात जा.