अम्मींचे शिवणयंत्र



तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू नक्की असेल. ती वस्तू बिघडली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "दुरुस्त करून घेऊ." दुसरा पक्ष म्हणतो, "काढून टाका, नवी आणू." आमच्या घरातही असेच दोन पक्ष पडले होते. ती वस्तू होती अम्मींचे शिवणयंत्र.

'दुरुस्त' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसी भाषेतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. फरक इतकाच, की आपण उर्दूत जिथे 'मरम्मत' म्हणतो, तिथे मराठी माणूस 'दुरुस्ती' म्हणतो. 'रफू' हा शब्द तर दोन्ही भाषांत सारखाच आहे. फाटलेले कापड टाकून न देता ते बेमालूम जोडायचे, याला दोन्ही भाषांनी एकच शब्द ठेवला.

आम्ही मालेगावचे. आमचे गाव यंत्रमागांचे. रात्रंदिवस मागांचा खडखडाट चालू असतो. लहानपणापासून कानांना त्याची इतकी सवय झालेली असते, की तो आवाज आम्हांला ऐकूच येत नाही. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी गल्ली एकदम शांत होते आणि घराघरांतले बारीक आवाज ऐकू येऊ लागतात.

अशाच एका शुक्रवारी मी घरी वह्या तपासत बसलो होतो. आतल्या खोलीत अम्मी शिवत होत्या. ईद जवळ आली होती. गल्लीतल्या मुलांचे कुर्ते त्यांच्याकडे आले होते. मशीन थोडा वेळ चाले आणि थांबे. पुन्हा चाले, पुन्हा थांबे. मी आत गेलो. अम्मींनी कुर्त्याची एक शिवण माझ्यासमोर धरली. चारपाच टाके बरोबर पडले होते, मग एक टाका सुटला होता.

"टाका सोडते आहे," अम्मी म्हणाल्या. "उसवून पुन्हा घालावे लागते."

ते मशीन १९८६ सालचे. अम्मी लग्न होऊन आल्या, तेव्हा जहेजमध्ये आलेले. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्या मजुरीवर घर चाले, आणि घरात जे काही वरचे लागे, ते या मशीनवर भागे. आमच्या शाळेच्या वह्या, आपाच्या लग्नातली भांडी आणि माझी बी.एड.ची फी, हे सारे त्याच सुईखालून आले आहे.

मी म्हणालो, "अम्मी, आता हे शिवणे बंद करा. मी कमावतो ना! तुम्ही आराम करा."

अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मशीनवर झाकण ठेवले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी चांगले बोललो असेच मला वाटत होते. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत.

रात्री धाकटी बहीण म्हणाली, "भाईजान, कपडे शिवायचे थांबवू नका. नवे मशीन आणा. मोटर असलेले, भरतकाम करणारे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात चौकशी केली. मोटर असलेले नवे मशीन ९,५०० रुपयांना होते. जुने देऊन नवे घेतले तर ५०० रुपये कमी होणार होते. "जुन्याचे काय करता?" मी विचारले. दुकानदार म्हणाला, "भंगारात जाते." मला ते ऐकवले नाही. मी तसाच परत फिरलो आणि मशीन रिक्षात घालून मिस्त्रीचाचांकडे नेले.

मिस्त्रीचाचा पन्नास वर्षांपासून शिवणयंत्रे दुरुस्त करत आहेत. त्यांनी मशीन आडवे केले, खालची पट्टी सरकवली आणि मला जवळ बोलावले.

"सर, मशीन टाका कसा घालते ते माहीत आहे का?"

मला माहीत नव्हते. रोज मुलांना शिकवणारा मी त्या दिवशी विद्यार्थी झालो. चाचांनी जे सांगितले, ते तुम्हीही ऐका.

हाताने शिवताना एकच दोरा असतो आणि सुई कापडाच्या आरपार जाते. मशीनमध्ये दोन दोरे असतात. एक वर, सुईत. दुसरा खाली, बॉबिनवर गुंडाळलेला. हातसुईचे नेढे, म्हणजे दोरा ओवायचे छिद्र, मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे नेढे पुढे, अणीजवळ असते. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते. ती किंचित वर येऊ लागली, की खाली दोऱ्याचा एक छोटा फासा तयार होतो. त्याच क्षणी शटलचे टोक त्या फाशात शिरते आणि त्याला बॉबिनभोवती फिरवते. दोन दोरे एकमेकांत अडकतात. झाला एक टाका! शटलचे टोक झिजले, तर फासा त्याच्या हाती लागत नाही. मग टाका सुटतो.

हे ऐकून मी घरी आल्यावर माहिती शोधली. अमेरिकेतील एलियास हाउ याने १८४६ साली अशा दोन दोऱ्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि शिवणयंत्र घरोघर जाऊ लागले. आपल्या देशात १९३० च्या दशकात कोलकात्याला शिवणयंत्रे तयार होऊ लागली. इतकी वर्षे झाली, पण टाका घालण्याची मूळ युक्ती तीच राहिली आहे.

"मग चाचा, दुरुस्त करावे की नवे घ्यावे?" मी विचारले.

चाचा म्हणाले, "मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, झिजले काय? अंग झिजले की एखादा भाग? हे अंग ओतीव लोखंडाचे आहे. तेल वेळच्या वेळी मिळालेले दिसते. त्याला काही झालेले नाही. शटल झिजले आहे, कापड पुढे सरकवणारे दाते बोथट झाले आहेत आणि पट्टा सैल झाला आहे. दुसरी गोष्ट, सुटे भाग मिळतात का? याचे मिळतात. तिसरी, खर्च किती आणि त्यानंतर ते चालेल किती? ८५० रुपये लागतील. तेल देत राहिलात, तर खूप वर्षे चालेल."

चाचांचे उत्तर मला पटले. दोन दिवसांनी मी मशीन घरी आणले. अम्मींनी एका चिंधीवर शिवण घालून पाहिली. टाके मोत्यांसारखे एकसारखे पडले. अम्मी हसल्या. आपण योग्य निर्णय घेतला, असे मला वाटले.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपत नाही.

पुढच्या शुक्रवारी गल्ली पुन्हा शांत होती. मी पुन्हा वह्या तपासत होतो. आतून आवाज आला. मशीन थोडा वेळ चालले आणि थांबले. पुन्हा चालले, पुन्हा थांबले. अगदी पहिल्यासारखे! दुरुस्ती नीट झाली नाही की काय, असे वाटून मी उठलो. दारातूनच पाहिले, तर अम्मी पाय पॅडलवरून खाली घेऊन दोन्ही हातांनी गुडघा चोळत होत्या. समोरची शिवण सरळ होती. एकही टाका सुटलेला नव्हता.

मी जवळ जाऊन बसलो. "किती दिवसांपासून दुखतो आहे?"

"दोन वर्षे झाली," त्या हळूच म्हणाल्या.

"मग सांगितले का नाही?"

"सांगितले असते, तर तू मशीनच बंद केले असतेस." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "बेटा, तू पैसे देतोस, त्याची मला खुशी आहे. पण ईदच्या दिवशी गल्लीतली मुले माझ्या हातचे कुर्ते घालून सलाम करायला येतात, त्याची खुशी वेगळी. ती तू मला आणून देऊ शकत नाहीस."

मला काय बोलावे ते सुचेना. मी मशीनची नाडी पाहिली होती. मशीन चालवणारीची नाडी मी पाहिलीच नव्हती. मिस्त्रीचाचांनी तीन प्रश्न सांगितले होते. चौथा प्रश्न मी विचारायला हवा होता: हे यंत्र वापरते कोण, आणि त्यांना ते वापरताना त्रास होतो का?

महात्मा गांधींचे एक मत मला त्या दिवशी आठवले. माणसाला बेकार करणाऱ्या यंत्रांवर ते टीका करीत. पण 'यंग इंडिया'त १९२४ साली छापलेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानले. त्यांच्या दृष्टीने यंत्राची परीक्षा माणसावरून करायची होती. आमच्या घरात यंत्र बरे झाले होते, आणि माणूस मात्र तसाच दुखत राहिला होता.

मी पुन्हा चाचांकडे गेलो. या वेळी सगळे खरे सांगितले आणि म्हणालो, "आता मोटरचे नवेच घ्यावे लागेल."

चाचा हसले. "सर, चाक पायाने फिरते की विजेने, हे सुईला कुठे कळते? याच मशीनला मागे मोटर बसवू. १,७०० रुपये."

दोन्ही मिळून खर्च झाला २,५५० रुपये. चाचांनी घरी येऊन मोटर बसवली. पायाखाली एक छोटी पेटी ठेवली. ती जितकी दाबावी, तितका वेग वाढतो. अम्मींनी एकच अट घातली. जुने पॅडल आणि त्याचा पट्टा काढून टाकायचा नाही. "वीज गेली तर?" त्या म्हणाल्या. चाचांनी मान डोलावली. मोटर चालू असताना तो पट्टा उतरवून ठेवायचा आणि वीज गेली की पुन्हा चढवायचा, हे त्यांनी समजावून दिले.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. अम्मींनी पेटीवर पाय ठेवला आणि मशीन भरधाव सुटले. शिवण वेडीवाकडी गेली. अम्मींनी घाबरून हात वर केले. "नको रे बाबा हे! तू बी.एड. झालास ना? मग शिकव आता."

मला एक युक्ती सुचली. मी जुन्या वहीची काही पाने फाडून आणली. सुईतला दोरा काढला. "अम्मी, कापड नको. या कागदावरच्या रेघेवरून सुई चालवा. पाय हलकेच दाबा." पहिल्या पानावर छिद्रे रेघ सोडून भलतीकडेच गेली. दुसऱ्या पानावर ती रेघेच्या जवळ आली. चौथ्या पानावर बरोबर रेघेवर. अम्मींनी ते पान उजेडात धरून मला दाखवले. माझे विद्यार्थी शुद्धलेखन दाखवतात, अगदी तसे.

त्या ईदला अम्मींनी अकरा कुर्ते शिवले.

मित्रांनो, यावरून प्रत्येक जुनी वस्तू दुरुस्तच करावी, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे एक जुनी इस्त्री होती. तिच्या आतल्या तारेवरचे आवरण जळाले होते आणि हात लावताच झटका बसे. ती दोनदा दुरुस्त केली, तरी तेच. शेवटी आम्ही नवी घेतली, आणि ते योग्यच झाले. जिथे जिवाला धोका आहे, तिथे पैसे वाचवणे हा शहाणपणा नाही. तसेच, सुटे भागच मिळत नसतील किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या जवळ जात असेल, तर जुन्याचा हट्ट धरू नये.

पण निर्णय घेण्यापूर्वी पाहावे. नेमके काय झिजले आहे, भाग मिळतात का, खर्च किती आहे, हे जाणकाराला विचारावे. आणि एक गोष्ट मिस्त्रीला विचारून कळणार नाही. ती घरातच विचारावी लागते.

आजही शुक्रवारी गल्ली शांत असते. मी वह्या तपासत बसतो आणि आतून मशीनचा सलग आवाज येत राहतो. मध्येच वीज जाते. आवाज बंद होतो. क्षणभर मी कान देऊन ऐकतो. मग पट्टा चढवल्याचा खटका होतो आणि पॅडल हळूहळू, सावकाश हलू लागते. तेव्हा मी हातातली वही बाजूला ठेवतो, आत जातो आणि म्हणतो, "अम्मी, उठा. तुम्ही कापड धरा, पॅडल मी मारतो."

तुमच्या घरातही एखादे जुने यंत्र असेल. ते कोण वापरते, हे आज घरी गेल्यावर पाहा. वापरताना ते मध्येच थांबतात का, तेही पाहा. आणि थांबत असतील, तर का थांबतात, हे त्यांच्याजवळ बसून विचारा.