शेगडीमागची भिंत

भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला विचारा, घरातली सर्वांत त्रासदायक भिंत कोणती? ती दिवाणखान्याचं नाव घेणार नाही. गॅसच्या शेगडीमागची म्हणेल. मोहरी तडतडते ती तिच्या अंगावर, हळदीचं तेल उडतं ते तिच्याच अंगावर, आणि घर सोडताना मालकांची नजर पहिली जाते तीही तिथेच!

2021 साली आम्ही पहिलं भाड्याचं घर सोडलं, तेव्हा या भिंतीपायी अनामत रकमेतले साडेतीन हजार रुपये कापले गेले. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. माझा जवळजवळ निम्मा पगार त्या पिवळ्या डागांत गेला. हुज्जत तरी काय घालणार? डाग होते हे खरंच होतं. डिस्टेंपर तेल शोषून घेतो. ओल्या फडक्यानं पुसावं तर डाग पसरतो आणि रंग फडक्यावर येतो.

नव्या घरी ओट्याच्या वर टाइल्सची एकच ओळ, जेमतेम वीतभर. त्यावर पुन्हा तोच डिस्टेंपर. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भिंतीला ड्रिल लावायचं नाही हं!" टाइल्स बसवायच्या तर रंग खरवडा, भिंतीला टाचे मारा, गवंडी आणा. आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "दुसऱ्याच्या भिंतीला दागिने कशाला?" पटलं.

मग मी केला तो शहाणपणा ऐका. संगमरवरी नक्षीचा चिकटवायचा कागद मागवला. कागद कसला, प्लॅस्टिकच ते. दोनशे रुपयांत भिंत अशी सजली की शेजारणी बघायला आल्या. पाच-सहा महिने छान गेले. दिवाळीच्या चकल्या तळताना मोठी कढई मागच्या बर्नरवर ठेवली होती. लेक स्टुलावर उभी राहून सोऱ्या फिरवत होती. एकदम जळका वास आला. बघते तर त्या कागदाचा कोपरा सुटून, गुंडाळत गुंडाळत ज्योतीकडे वाकलेला! आधी लेकीला खाली ओढलं, मग गॅस बंद केला. चकल्या कढईतच राहिल्या. हे ऑफिसातून आले तेव्हाही माझे हात थरथरत होते. ते प्लॅस्टिक उष्णतेनं मऊ पडतं, त्याचा डिंकही सैल होतो. शेगडीपासून लांब, भांड्यांच्या मांडणीमागे खुशाल लावा; ज्योतीमागे नको. वर काढताना त्यानं रंगाचा पापुद्राही उचलून नेला, तो वेगळाच.

अ‍ॅल्युमिनियमचा चिकट कागदही मिळतो. तो त्यामानानं बरा, पण चुरगळतो, आणि धुण्याच्या सोड्यानं पुसला की काळा पडतो. शिवाय चिकटवलेलं म्हणजे उपटणं आलंच.

उपाय सुचला तो शाळेत. वर्गात एक जुना नकाशा दोन खिळ्यांना टांगलेला आहे. तसा पत्रा टांगला तर? आमच्या ओट्यामागे आधीच्या बिऱ्हाडकरूंनी मारलेले दोन खिळे होतेच!

पत्र्याच्या दुकानात गेले. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वजनावर मिळतो. मी तीन फूट रुंद, दोन फूट उंच, 24 गेजचा घेतला. (गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे मला तिथेच कळलं. उलटाच कारभार!) 304 नंबरचं स्टील मीठ-लिंबाला जास्त दाद देत नाही, 202 स्वस्त पडतं, पण लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून फरक कळतो असं सांगतात, त्यावर भिस्त ठेवू नका. सहसा दोघांनाही चुंबक चिकटत नाही. नंबर बिलावर लिहून घ्यावा. दुकानदारानंच चारी कडा आत दुमडून दिल्या, वरच्या कोपऱ्यांना भोकं पाडून दिली. हे महत्त्वाचं, नाहीतर कापलेली कड सुरीसारखी लागते. सगळे मिळून नऊशे रुपयांच्या आत काम झालं.

टांगण्याआधी त्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा पूर्ण सोलून काढला. ह्यांनी एक गोष्ट मात्र बरोबर हेरली. पत्र्याची एक बाजू मिक्सरच्या प्लगला खेटत होती. धातू आणि वीज शेजारी नको, म्हणून शेगडी अन् पत्रा दोन्ही वीतभर डावीकडे सरकवले. डाव्या अंगाला आणखी एक जुना खिळा होता म्हणून निभावलं.

आता रात्री ओटा आवरला की कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि पत्र्यावरच्या बारीक रेघांच्या दिशेनं पुसायचं. तारेची घासणी नको, चरे पडतात. ब्लीचिंगचं पाणीही नको, त्यानं बारीक खड्डे पडतात. दर पंधरवड्यानं पत्रा उतरवून पाठ पुसते. झुरळांना तिथे संसार थाटू द्यायचा नाही.

आईंना आधी तो पत्रा आवडला नव्हता. "हॉटेलासारखं दिसतंय गं," म्हणाल्या. दिसतं खरं! पण हल्ली पुरणपोळ्यांच्या दिवशीही त्या शेगडी भिंतीपासून पुढे ओढत नाहीत.

मागच्या महिन्यात घरमालकीणबाई पाणीपट्टीचं बोलायला आल्या होत्या. बोलता बोलता स्वयंपाकघरात शिरल्या. मी काही न बोलता पत्रा खिळ्यांवरून उतरवला. मागची भिंत त्यांनी बोटानं चाचपली. चिकट कागदानं उचललेला पापुद्रा त्यांच्या नजरेतून सुटला नाही, आणि तेवढा रंग मीच लावून देणार आहे. मग त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि विचारलं, "किती बाय किती म्हणालात?"