गंगाखेडच्या वाटेवरील धडा

गेल्या भाद्रपदांत पुतण्याच्या जुन्या पिकअपमध्यें बसून आम्ही परभणीहून गोदास्नानासाठीं गंगाखेडास निघालों. संत जनाबाईंच्या या गांवाची आम्हांस जुनीच ओढ. दुतर्फा काळी कसदार जमीन, कापूस आणि सोयाबीन; पाहून मन निवतें. परंतु हीच माती गाडीच्या पोटाशीं लिंपून बसते, हें ध्यानीं आलें नव्हतें.

पोखर्णीस नृसिंहाचें दर्शन घेऊन परततों, तों मागील चाकापाशीं ओल दिसली. ब्रेक दाबतां पाय खोल जाऊं लागला! चौघांनीं ढकलून गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानें चासीवरचा चिखल खरवडला, तों पकडीखालची ब्रेकची पोलादी नळी बोटानेंच चुरली. शेजारच्या डिझेलच्या नळीसही गंजाचे पापुद्रे सुटले होते. “गुरुजी, ही माती वरून सुकली तरी आंतून ओलीच असते; लोखंड तिथंच खाते,” तो म्हणाला.

ब्रेकचें तेलही हवेंतील ओलावा शोषतें व नळी आंतून झिजवतें. म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें, आणि पावसाळा सरतांच गाडीचें पोट धुऊन नळ्या तपासाव्या, हें त्यानें समजाविलें.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें फारसा न गंजतां उभा आहे, हें आम्हीं वर्गांत अभिमानानें शिकविलें. घरच्या गाडीखालीं मात्र कधीं वाकून पाहिलें नाहीं. नळी गोदेच्या उतारावर फुटती तर? असो. वाचकांनीं तरी एकदां वाकून पाहावें.