ओसरीतले दोन रांजण

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात माझे बालपण गेले. या पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिववत नाही. जमिनीतले क्षार त्यात उतरलेले असतात; डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून आमच्या टिनाच्या छपराच्या मातीच्या घरात ओसरीवर दोन रांजण असत. एक खाऱ्या पाण्याचा, भांडी-कपड्यांसाठी. दुसरा गोड्या पाण्याचा, पिण्या-रांधण्यासाठी.

गोड्या पाण्याची विहीर गावात एकच होती. आजीच्या तरुणपणी त्या विहिरीला आमच्या वस्तीने शिवायचे नसे. बायका घागरी घेऊन अंतरावर उभ्या राहत आणि कोणी वरून ओतील तेवढेच पाणी घरी येई. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही हकिकत आजीने पुष्कळ उशिरा ऐकली; पण त्या ओंजळीचा अर्थ तिला कोणी समजावून सांगावा लागला नाही. पाण्याबाबतची तिची काटेकोर शिस्त त्या ताटकळण्यातून आलेली होती. तिला नुसती काटकसर म्हणणे मला अपुरे वाटते.

रांजणात हात बुडवायचा नाही, हा घरातला पहिला नियम. लांब दांड्याचे ओगराळे खुंटीला टांगलेले असे. “लेका, हात नोको बुडवू, ओगराळं घे,” हे दिवसातून दहादा कानी पडे. पाणी जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळले जाई. गढूळ असेल तर तुरटीचा खडा फिरवून रात्रभर निवळू द्यायचे आणि सकाळी तळाचा गाळ न हलवता वरचे काढून घ्यायचे. तांदूळ धुतलेले पाणी शेळीला, हातपाय धुतलेले परसातल्या शेवग्याला.

पुढे वसतिगृहात भंतेजींनी भिक्खूंचे अष्टपरिष्कार सांगितले : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. पाण्यातला सूक्ष्म जीव आपल्या पोटात जाऊन मरू नये म्हणून भिक्खूने पाणी गाळायचे. आजी मात्र आम्ही आजारी पडू नये म्हणून गाळत असे. फडके तेच, एकाची काळजी पाण्यातल्या जिवाची, दुसरीची पिणाऱ्याची.

छपराचे गणितही शाळेतच उमगले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे आमच्या २० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पावसात १००० लिटर गोडे पाणी पडत होते आणि भांड्यांअभावी बहुतेक अंगणातून वाहून जात होते! खारे पाणी उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटले तर उलट त्यांचे प्रमाण वाढते. पावसाच्या पाण्याला ती अडचणच नाही.

आता त्या घराला पन्हळ आणि ५००० लिटरची झाकणबंद टाकी आहे. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून देतो, म्हणजे छपरावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा धुऊन जाते. टाकीच्या तोंडाला आजही फडकेच बांधतो. शेजारची दोन घरेही तेच पाणी पितात. तोटी मुद्दाम रस्त्याच्या बाजूला बसवली आहे. पाणी भरायला कोणाला हाक मारावी लागत नाही.