पडद्यावरचं उघडं अंग

प्रेमकथेतल्या नग्नतेचा विषय निघाला की मला आधी निकोलस रोग यांचा ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३) आठवतो. जॉन आणि लॉरा बॅक्स्टर यांची लहानगी मुलगी घराजवळच्या तळ्यात बुडून गेली आहे. ते दुःख घेऊन दोघं व्हेनिसला आली आहेत. तिथे एका जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम जॉनकडे आहे. एका संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत दोघं जवळ येतात. रोग यांनी हा प्रसंग सलग दाखवलेला नाही. दोघांचं एकमेकांत हरवणं आणि नंतर बाहेर जेवायला जाण्यासाठी दोघांनी आपापलं आवरणं, असे तुकडे त्यांनी एकात एक विणले आहेत. आता ती मिठीत असते, पुढच्याच क्षणी आरशासमोर नटत असते. आता तो तिच्यावर झुकलेला असतो, पुढच्याच क्षणी कपडे चढवत असतो. कित्येक वर्षांच्या संसारातली अंगाची ओळख, लेक गेल्यावर मध्ये पडलेलं अंतर आणि ते ओलांडल्याचा सुटकेचा श्वास, सगळं त्या काही मिनिटांत येतं. संवाद जवळजवळ नाहीतच. ही दोघं कपड्यांत असती तर हे सांगता आलं नसतं. उघडं अंग गोष्टीला कधी हवं असतं, याचं माझ्यापुरतं उत्तर या प्रसंगात आहे.

*

राज कपूर यांच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) बद्दल मात्र मनात कायम खंत राहिली. रूपाचा अर्धा चेहरा भाजलेला आहे, आवाज मात्र मन मोहून टाकणारा. कथेचा नायक राजीव तिच्या आवाजावर भाळतो, पण तिचा चेहरा त्याला सोसत नाही. रूपावर न भुलता माणूस बघा, असं चित्रपट कळकळीने सांगू पाहतो. कॅमेरा मात्र सगळा वेळ झीनत अमानच्या देहावर रेंगाळतो, कधी तोकड्या वस्त्रांतून, कधी ओल्या साडीतून. कथा जे करू नका म्हणते तेच कॅमेरा आपल्याकडून करून घेतो. इथे पूर्ण नग्नता कुठेही नाही, तरी बाईचं शरीर प्रेक्षकापुढे मांडून ठेवलं आहे. किती कापड अंगावर आहे, हे मोजून अशा प्रश्नांचा निकाल लागत नाही.

*

चित्रपट सेन्सॉरशिपचा विचार करणाऱ्या न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांच्या समितीने १९६९ सालीच म्हटलं होतं, की कथानकाची गरज असेल आणि हाताळणी कलात्मक असेल तर चुंबन किंवा उघडं शरीर दाखवायला आडकाठी नसावी. त्यावर तेव्हा बराच वाद झाला. पुढची अनेक वर्षं आपले नायक-नायिका झाडामागे गेले आणि फुलांनी फुलांना स्पर्श केला. त्या गाण्यांवर माझं प्रेम आहे. पण जे प्रेम अंगाला शिवतच नाही ते उच्च, आणि अंग दिसलं की ते हीन, ही समजूतही त्याच गाण्यांबरोबर आपल्यात मुरली.

*

‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) ही दोन अनोळखी माणसांची, शरीरापुरती ठरवलेली आणि नंतर हाताबाहेर गेलेली गोष्ट. मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती, मार्लन ब्रँडो पन्नाशीकडे झुकलेले. बलात्काराच्या त्या कुप्रसिद्ध प्रसंगात लोणी वापरायचं दिग्दर्शक बर्तोलुची आणि ब्रँडो यांनी आपसात ठरवलं. तिला आधी विश्वासात घेतलं नाही. प्रत्यक्ष संभोग झाला नव्हता, अभिनयच होता. पण पडद्यावरचे अश्रू खरे होते आणि आपल्याला अपमानित झाल्यासारखं वाटलं, असं तिने २००७ मध्ये सांगितलं. बर्तोलुचींनी २०१३ मध्ये कारणही दिलं: त्यांना नटीची प्रतिक्रिया नको होती, मुलीची हवी होती.

हे वाचल्यापासून तो प्रसंग मला कलाकृती म्हणून पाहता येत नाही. नटीकडून अपमान अभिनयाने उभा करवून घेणं हे दिग्दर्शकाचं काम. अपमान खरोखर करून तो टिपणं ही फसवणूक आहे. या चित्रपटासाठी ब्रँडो आणि बर्तोलुची दोघांनाही ऑस्करची नामांकनं मिळाली. श्नायडर त्या एका प्रसंगाचं ओझं २०११ मध्ये मरेपर्यंत वाहत राहिली.

*

‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला २०१३ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी तो दिग्दर्शकाबरोबर त्यातल्या दोन्ही मुख्य अभिनेत्रींनाही दिला. काही महिन्यांतच त्या दोघी म्हणाल्या, की या दिग्दर्शकाबरोबर पुन्हा काम करणार नाही. एका प्रणयदृश्याचं चित्रीकरण कित्येक दिवस चालू राहिलं होतं. चित्रपट उत्कट आहे, यात वाद नाही. पण पडद्यावरच्या प्रेमाची किंमत पडद्यामागे कुणी मोजली, हे विचारायचा हक्क प्रेक्षकालाही आहे.

*

मारामारी असली की सेटवर फाइट मास्टर असतो. कोणाचा हात कुठून येणार, कोण कधी वाकणार, सगळं आधी बसवलेलं असतं. कुणाला खरा मार बसू नये म्हणून. प्रणयदृश्याला मात्र अनेक वर्षं कुणीच नव्हतं. ‘तुम्ही दोघं करा काहीतरी, आम्ही कॅमेरा चालू ठेवतो’ एवढ्यावर भागायचं. २०१८ मध्ये एचबीओच्या ‘द ड्यूस’ मालिकेत अलिशा रोडिस यांना याच कामासाठी नेमलं गेलं, आणि ‘इंटिमसी कोऑर्डिनेटर’ हे पद रुळू लागलं.

कामाची पद्धत साधी आहे. कुठलं अंग दिसणार, कुठलं नाही, हे करारात लिहायचं. कुठे स्पर्श चालेल, कुठे नाही, ते नट-नटींनी आधी एकमेकांना सांगायचं. मग हालचाली नाचासारख्या बसवायच्या. चित्रीकरणाच्या वेळी सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवायची, दोन शरीरांमध्ये झाकण किंवा पातळ गादी ठेवायची, आणि कुणी ‘थांबा’ म्हटलं तर थांबायचं. यात कलेला मारक असं काय आहे, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

*

याचं फळ बघायचं तर ‘नॉर्मल पीपल’ (२०२०) बघावी. सॅली रूनी यांच्या कादंबरीवरची बारा भागांची मालिका. इंटिमसी कोऑर्डिनेटर इटा ओब्रायन. आयर्लंडमधल्या एका छोट्या गावातली शाळकरी मुलं, मारियान आणि कॉनेल. तिची पहिलीच वेळ. कॉनेल तिला सांगतो, की तुला थांबावंसं वाटलं तर आपण थांबू, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. हे तो उपदेश म्हणून बोलत नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. कॅमेरा दोघांनाही सारखाच बघतो. ती उघडी आणि तो झाकलेला, अशी नेहमीची वाटणी नाही. पुढे त्यांच्यात जे जे बिनसतं, ते या सुरुवातीच्या मोकळेपणाच्या तुलनेत आपल्याला कळत जातं. गंमत म्हणून घातलेलं दृश्य कापलं तर कथा चालू राहते. इथलं दृश्य कापलं तर पुढचे भाग लंगडे होतील.

आयरिश रेडिओवर मालिकेविरुद्ध तक्रारींचे फोन आले. तरीही मला वाटतं, पंधरा-सोळाच्या मुलामुलींनी मोबाइलवर चोरून जे काही बघितलेलं असतं, त्यापेक्षा या मालिकेने त्यांना कितीतरी शहाणं काही दाखवलं असतं.

*

लीना यादव यांच्या ‘पार्च्ड’मधली लज्जो नवऱ्याचा मार खात जगते. मूल होत नाही म्हणून वांझ ठरलेली. एका प्रसंगात गुहेत राहणारा पुरुष तिला जवळ घेतो, आणि आधी तिच्या पायांना हात लावतो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या शरीराला मान दिलेला असतो. राधिका आपटे आणि आदिल हुसेन यांनी हे फार जपून केलं आहे.

२०१६ मध्ये चित्रपट आपल्याकडे लागण्याआधीच या प्रसंगाचा तुकडा फुटला आणि फोनोफोनी फिरला. फिरला तो आपटे यांच्या नावाने. दृश्यात दोघं होते, बोभाटा एकीचाच झाला. ज्या बाईला मान मिळतो असा प्रसंग, त्याचा वापर अभिनेत्रीचा मान घालवायला केला गेला. गोष्टीपासून तोडलेलं उघडं अंग किती लवकर बाजारात जातं, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. तुकडा पुढे ढकलणाऱ्यांत आपल्या ओळखीचे, चारचौघांत सभ्य म्हणवणारे लोकही होते.

*

गोष्टीतलं उघडं अंग आणि गोष्टीपासून तोडलेलं उघडं अंग, हा फरक न्यायालयाने अनेकदा नीट ओळखला आहे. फूलन देवीवरच्या ‘बँडिट क्वीन’ चित्रपटाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की फूलनची नग्न धिंड बघून वासना जागी होत नाही, दया येते, चीड येते, लाज वाटते.

२०१४ चा निकाल तर थेट प्रेमाबद्दलचाच होता. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची सावळ्या वर्णाची वाग्दत्त वधू यांचं उघड्या अंगाचं छायाचित्र ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ने छापलं होतं; ते टिपलं होतं तिच्याच वडिलांनी. वर्णद्वेषापेक्षा प्रेम मोठं, हे त्याचं सांगणं. न्यायालयाने छायाचित्र त्या संदर्भात बघितलं आणि एकोणिसाव्या शतकातली जुनी इंग्रजी कसोटी सोडून आजच्या समाजाची नजर धरली. संदर्भासकट बघा, एवढंच न्यायालयाचं म्हणणं. फॉरवर्ड करणारा बोट नेमकं संदर्भावरच ठेवतो आणि तो पुसून टाकतो.

*

रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ची यमुना नवऱ्याचा जाच सोडून मुलाला घेऊन मुंबईला येते आणि जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेच्या वर्गासमोर विवस्त्र बसते. कल्याणी मुळे यांनी ती पहिली बैठक खांद्यांतून दाखवली आहे. आधी आखडलेले, हळूहळू सैल होणारे खांदे. विद्यार्थी रेषा शोधत असतात, आणि तिला उमगतं की या नजरेत आपल्याला इजा नाही. २०१७ च्या ‘इफ्फी’ या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पॅनोरमा विभागाचं उद्घाटन या चित्रपटाने व्हायचं होतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो वगळला, आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे २०१८ मध्ये चित्रपट प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रावर लागला.

सेलीन सियामा यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’मध्ये (२०१९) हाच धागा प्रेमकथेत येतो. जिचं चित्र काढलं जातंय ती चित्रकर्तीला जवळ बोलावते आणि जाणवून देते, की तू मला न्याहाळतेस तशी मीही तुला न्याहाळते आहे. त्या क्षणापासून दोघी बरोबरीच्या होतात, आणि प्रेम तिथून सुरू होतं.

*

आपल्या मालिकांत नवरा-बायको रात्रीही शालू आणि दागिन्यांत असतात. तरुण लेखकांना माझी कळकळीची विनंती नग्नता लिहा अशी नाही. दमून आलेल्या नवऱ्याचे पाय बायकोने आणि बायकोची पाठ नवऱ्याने दाबणं, भांडणानंतर अंधारात हात शोधणं, म्हातारपणी एकमेकांना आंघोळ घालणं, इतकं तरी लिहा. अंगाशिवाय संसार होत नाही, आणि आपल्या कथांतून अंग गायब झालं की ते फक्त चोरट्या क्लिपांत उरतं.

आणि कथेला उघडं अंग हवंच असेल, तर चित्रीकरणाआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. ज्याचं किंवा जिचं शरीर दिसणार आहे, त्या माणसाला सगळं ठाऊक आहे ना, आणि नाही म्हणायची खरी मुभा आहे ना? हे आधी. मग, हा प्रसंग काढला तर या दोघांच्या प्रेमाबद्दल आपल्याला काही कमी कळेल का? दोन्हींना ‘हो’ असेल तर दाखवा, आणि प्रेक्षकांनीही मान खाली न घालता बघावं.