मिलिमीटरचे मोल

“नाकाच्या ऑपरेशनला डोक्याचा सी.टी. स्कॅन कशाला हो, डॉक्टर?” सत्तरी ओलांडलेल्या काकांनी विचारले. सायनसच्या जुनाट विकाराने ते बेजार होते. औषधांचा उपयोग होईना, म्हणून दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ठरली होती. खरे सांगायचे तर इतकी वर्षे दवाखाना चालवूनही मला नेमके उत्तर देता आले नाही. काकांनी माझ्या शब्दाखातर स्कॅन केला आणि नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जाताना मीही सोबत गेलो.

तज्ज्ञांनी फिल्म उजेडावर धरली. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते. वर, मेंदूच्या तळाशी, गंधवाहक नसांचा एक खळगा असतो. केरोस यांनी १९६२ मध्ये त्याच्या खोलीचे तीन प्रकार मांडले : १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मि.मी. खळगा जितका खोल, तितकी त्याची नाजूक भिंत अधिक उघडी आणि इजेचा धोका अधिक. काकांचा उजवा खळगा ५ मि.मी. होता, डावा ८!

“दोन्ही बाजू सारख्याच धरल्या, तर घात होतो,” तज्ज्ञ म्हणाले. “म्हणून आधी मोजायचे, मग हत्यार हाती घ्यायचे.”

“आणि हात कुठे तयार झाला?” काकांनी विचारले.

“देहदान केलेल्यांच्या देहांवर.”

काका गप्प झाले. माझ्याही डोळ्यांपुढे प्रथम वर्षाचे विच्छेदनगृह उभे राहिले. त्या देहांपुढे मी तेव्हा कधी मनोमनही हात जोडले नव्हते.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. अशा वेळी घरच्यांनी जुने स्कॅन, आधीच्या शस्त्रक्रियांचे कागद आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आवर्जून सांगाव्यात. मात्र परस्पर बंद करू नयेत. शस्त्रक्रियेनंतर नाकातून पाण्यासारखा स्राव आला, दृष्टी अंधूक झाली किंवा डोळा सुजला, तर तत्काळ सर्जनना गाठावे.

परवा काका दवाखान्यात आले. “देहदानाचा अर्ज कुठे मिळतो?”

“वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात. पण आधी घरच्यांशी बोला, काका. देह सोपवायचा असतो तो त्यांनाच.”

“बोललो,” काका म्हणाले. मग मीही दोन अर्ज आणवले.